सैल झाकणांचा उन्हाळा

धुळ्याहून जळगावला रोज जाणारी माणसं दोन प्रकारची. एक बस हलली की झोपणारी, आणि दुसरी शेजारणीला "मॅडम, तुम्ही नेमकं काय करता हो?" असं विचारणारी. माझ्या वाट्याला कायम दुसरी यायची. पारोळ्यापर्यंत तरी डोळा लागावा म्हणून मी खिडकी धरलेली, आणि या बाईला माझ्या संशोधनाची चौकशी! आधी आधी मी फणकाऱ्यानं "शिकवते" एवढंच सांगून तोंड फिरवायची. मग हळूहळू मलाच सांगायची खोड लागली.

एकदा एरंडोलच्या एक अक्का शेजारी बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, आपल्या रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी असतात. त्या हाडाच्या आतल्या मगजात जन्मतात आणि तिथंच पायरी पायरीनं मोठ्या होतात. कुठल्या पायरीवर काय करायचं, हे पेशीच्या गाभ्यात लिहिलेलं असतं. त्यातला हवा तेवढा मजकूर उतरवून बाहेर पाठवला जातो. तो निरोप म्हणजे आरएनए, आणि त्या निरोपावरून प्रथिनं बनतात. पण काही आरएनए अगदीच चिमुकले, बावीस-तेवीस अक्षरांचे. त्यांच्यावरून काहीही बनत नाही. ते फक्त मोठ्या निरोपाला जाऊन चिकटतात आणि म्हणतात, आता पुरे. तो निरोप तिथंच गप्प होतो.

अक्का म्हणाल्या, "म्हंजी सासूच की वं! सोता काही करत नई, नुस्तं पुरे म्हनते."

मी अशी हसले की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. इतकी वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, पण इतक्या झटपट कुणाला कळलं नव्हतं.

माझा चिमुकला आरएनए दीडशे नंबरचा. शास्त्रात त्याला हाच आकडा आहे, आणि प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसतं 'दीडशे' म्हणायचो. प्रतिपिंडं बनवणारी पेशी लहान असते तेव्हा तिच्यात दीडशे जवळजवळ नसतोच. त्या वयात वाढीचा एक निरोप मोकळा वाजू द्यावा लागतो. पेशी मोठी झाली की दीडशे भरपूर वाढतो आणि तो निरोप दाबतो. तो वेळेआधीच उगवला तर पेशी अर्ध्या वाटेवर अडकते आणि मोठी होतच नाही. मला बघायचं होतं, की पोटाला कमी मिळालेल्या उंदरांत दीडशे आपली वेळ पाळतो की नाही. साक्रीच्या डोंगराकडची हडकुळी, सारखी आजारी पडणारी पोरं मी पाहिली होती, आणि तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला निघालेल्या बाईला लोक काय काय म्हणतात, ते सोडा. माझ्या नवऱ्यानं एवढंच म्हटलं, "कर. निदान घरी माझ्यावर डाफरणं तरी कमी होईल." तसं काही झालं नाही.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, मूळचे पाचोऱ्याकडचे, कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. चारचौघांत शुद्ध मराठी बोलायचे, आणि राग आला किंवा प्रेम आलं की अहिराणीवर उतरायचे. माणूस शिस्तीचा, हट्टी, आणि विद्यार्थ्यांच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलणारा. जूनअखेर ते निवृत्त होणार होते. कॉलेजनं दिलेली माझी रजाही तेव्हाच संपत होती. उंदरांच्या पेशी पायरीनुसार वेगळ्या करायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, ते काम पुण्याच्या एका संस्थेतून कसंबसं करवून आणलेलं. तो एक डबाभर नमुना हीच माझी सगळी पुंजी होती. तो वाया गेला तर मी खडू उचलून धुळ्याला परत, आणि विषय कायमचा बंद.

आता आमच्या प्रयोगशाळेचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जळगावचा उन्हाळा कसा असतो ते जळगावकरालाच विचारा. पुसायला ठेवलेल्या स्पिरिटच्या दाबायच्या बाटल्या त्या उन्हात फुगतात, आणि कुणी हात न लावताही चोचीतून पिचकारी मारतात. फार पूर्वी अशीच एक पिचकारी पेटत्या बर्नरवर उडाली आणि सरांची डावी भुवई गेली. ती परत आली, पण विरळच. तेव्हापासून सरांचा हुकूम: गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत स्पिरिट असलेल्या प्रत्येक बाटलीचं झाकण अर्धा फेरा सैल. पाडव्याला सकाळी घरी गुढी उभारून सर प्रयोगशाळेत यायचे आणि कपाट उघडून स्वतःच्या हातानं सगळी झाकणं सैल करायचे. आम्ही त्याला 'सरांची गुढी' म्हणायचो. नव्या माणसाला पहिल्यांदा हाच नियम शिकवला जायचा.

माझ्याआधी माझ्याच टेबलावर साक्रीकडची एक मुलगी काम करायची. तीही याच पेशींतल्या चिमुकल्या आरएनएवरच. बाकीची सगळी प्रयोगशाळा मोठ्या निरोपांच्या मागे, चिमुकल्यांवर फक्त ती आणि नंतर मी. तिचं काम कधी यायचं, कधी यायचं नाही. एकदा आलं म्हणून ती नाचायची, पुढच्या खेपेला सगळं कोरं. शेवटी सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे, पण हाताला गुण नाही." वैद्याच्या हाताला गुण असतो म्हणतात, तसं. त्यानंतर ती काम अर्धवट टाकून गेली, साक्रीतच लग्न झालं, आणि तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली. तिचा नमुन्यांचा डबा उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये तसाच होता. मी दोनदा जागा करायची म्हणून टाकायला काढला, दोन्ही वेळा सर अंगावर आले. का, ते सांगितलं नाही.

पाडवा झाला, ऊन तापलं, आणि मी माझे नमुने काढले. प्रत्येकाचा अर्धा भाग वापरायचा आणि अर्धा जपून ठेवायचा, ही रीत. पहिल्या खेपेला दीडशेचा पत्ता नाही. म्हटलं, होतं असं. दुसऱ्या खेपेला उरलेल्यातलं थोडं घेतलं, तरी नाही. बरं, पोटभर खाल्लेल्या उंदरांच्या मोठ्या पेशीत तरी तो ढिगानं दिसायला हवा की नको? तिथंही ठणठणाट. एकूण आरएनए मोजावा तर झकास भरत होता. तुलनेला धरलेला दुसरा आरएनएही दिसत होता. म्हणजे यंत्र ठीक, द्रव्यं ठीक, आणि उरलं कोण? मी.

सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका. हात बघा जरा."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "सर, माझा हात वीस वर्षं बेडूक कापतोय. तुमचा तो आरएनए काढायचा किटच भिकार आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," सर शांतपणे म्हणाले.

मी पर्स उचलली आणि दार आपटून निघाले. स्टँडवर जाऊन एकटीनं झणझणीत शेवभाजी खाल्ली, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर. लोकांना वाटलं असेल तिखट लागलं. मला खरं तर रडू येत होतं. त्या साक्रीच्या मुलीला मी कधी भेटले नव्हते, पण त्या दिवशी तिचं काय झालं असेल ते मला पुरतं कळलं. चूक सापडली तर माणूस दुरुस्त करतो. पण हातच वाईट म्हटल्यावर तो कुठं बदलून आणायचा?

दुसऱ्या दिवशी गेले ती टेबल आवरून टाकायच्या तयारीनं. भांडी आपटत होते, बाटल्या खोक्यात कोंबत होते. किटमधली धुण्याच्या द्रावणाची बाटली उचलली, रागारागात कलंडली, थोडं हातावर सांडलं. आणि मी थबकले. एरवी ते द्रावण सांडलं की नाकात झणका जातो, कारण त्यात बहुतेक स्पिरिटच घातलेलं असतं. आज वास नाही. हातावरही गार लागेना. नाक बाटलीला लावलं. साधं पाणी हुंगल्यासारखं.

अहो, सगळा खेळच त्या स्पिरिटवर! पेशी विरघळवून ते पाणी एका बारीक जाळीच्या नळीतून सोडायचं, की आरएनए जाळीला धरून बसतो. मग या द्रावणानं धुऊन घाण काढायची. मोठे आरएनए घट्ट बसतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. पण चिमुकल्यांना धरून ठेवायला स्पिरिट भरपूर लागतं. ते कमी पडलं तर चिमुकले धुण्याबरोबर चालू लागतात. आमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, खोलीत नुसता कूलर, आणि झाकण अर्धा फेरा सैल. पाडव्यापासून स्पिरिट हवेत जात होतं, आणि मी माझ्या दीडशेला स्वतःच्या हातानं धुऊन मोरीत ओतत होते. तुलनेला धरलेला आरएनए जरा लांबुडका, तो बहुतेक टिकायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही. बाकीच्यांना चिमुकल्यांशी कर्तव्यच नव्हतं. सरांनी नियम केला होता पिचकारीच्या बाटल्यांसाठी. या बाटलीला चोच नाही, ती उडणार कुठून? पण स्पिरिट म्हटलं की झाकण सैल, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणीच पडलेलं.

अंगण खरंच वाकडं होतं हो! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडणार तोच ती मुलगी आठवली. ऑफिसमधून तिचा नंबर घेतला आणि फोन लावला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "तुझं काम यायचं ते कुठल्या दिवसांत, आठवतं का गं?"

ती म्हणाली, "दिवाळीनंतर यायचं ताई. उन्हाळ्यात कधीच आलं नाही. सर म्हणायचे हात डळमळीत आहे."

"आणि धुण्याच्या बाटलीचं झाकण?"

"सैलच. नियम होता ना. का हो ताई?"

मी म्हटलं, सांगते, आणि फोन ठेवला. हे तिला सरांनीच सांगायला हवं होतं.

सरांना सांगायचं कसं? आदल्या दिवशी भांडताना जीभ कशी सुरीसारखी चालली होती, आणि आता पाय उचलेना. निवृत्तीला आलेला माणूस. शेवटी बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि एवढंच म्हटलं, "सर, वास घ्या."

त्यांनी घेतला. परत घेतला. "काय व्हयनं हे? कोणी केलं?"

"नियमानं," मी म्हटलं.

ते झाकणाकडे बघत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला नाही, हुशार माणूस. मला वाटलं आधी माझ्या कामाचं विचारतील, माझी माफी मागतील, निदान 'ताई, तुमचं बरोबर होतं' म्हणतील. त्यातलं काही नाही. ते म्हणाले, "मग ती पोरगी..." आणि खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणाच्या डब्यातलं लोणचं उचललं नाही.

पुढच्या सकाळी, ऊन चढायच्या आत, मी नवं द्रावण केलं, झाकण पिळून बंद केलं, आणि माझा शेवटचा उरलेला भाग काढला. संध्याकाळी पडद्यावर दीडशेची रेघ उगवली. लहान पेशीत जमिनीलगत, मोठ्या पेशीत ही वर! मी टेबलाला धरून उडी मारली. या वयात! नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "म्हणजे तुझा दीडशे सापडला, आता माझा चष्मा शोध." उपाशी उंदरांत काय निघालं ते प्रबंधात आहे, ज्याला झोप येत नसेल त्यानं वाचावं. माझं काम झालं होतं, आणि मी फार फार खुशीत होते.

सर मात्र खुशीत नव्हते. त्यांनी फ्रीजर उघडला आणि तिचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "यातला अर्धा करा. अर्धा तसाच राहू द्या." मी केला. तिच्या नमुन्यांतही रेघ आली, अगदी देखणी. सर कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "आखाजी जवळ आलीय ना? साक्रीला जाऊन येऊ."

खान्देशात आखाजीचं महत्त्व बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी, लेकीबाळींचा सण. माहेरचं कुणी तरी मुऱ्हाळी होऊन सासरी जातं आणि लेकीला घेऊन येतं. झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. सरांना मूलबाळ नव्हतं. मुऱ्हाळी व्हायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नसणार.

तिच्या सासूबाईंनी दार उघडलं. सर म्हणाले, "मुऱ्हाळी आहे मी. जळगावहून."

"अहो, मुऱ्हाळी म्हणून तर तिचा भाऊ उद्या यायचाय!" सासूबाई गोंधळल्या. तेवढ्यात ती आतून आली, सरांना पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली. बारीक चणीची, पदराला पिठाचे हात लागलेली.

सरांनी घडी उलगडून कागद तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. पाडवा, झाकण, स्पिरिट, सगळं. काही लपवलं नाही, कुठं सारवासारव केली नाही. शेवटी अहिराणीवर आले, "तुन्हा हातमा काही खोट नव्हती. बठ्ठी चूक मन्ही शे, माय."

तिनं कागद बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"मग हा तुमचा हात झाला ताई. माझा कसा?" आणि मग तिचा बांध फुटला. "चार वर्षं झाली सर! चार वर्षं मी प्रॅक्टिकलला कशालाच हात लावत नाही. पोरांना सांगते तुम्ही करा, मी लांबून बघते. घरी दूध नासलं तरी वाटतं आपलाच हात लागला असेल. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते, आणि आता एक कागद घेऊन आलात!"

बरं बोलली. मी तिच्या जागी असते तर चहाचा कपही भिरकावला असता. सर मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणून तर न्यायला आलो. अर्धा भाग ठेवलाय. तो तुझ्या हातानं व्हायचाय. मी असेपर्यंत." तिनं सासूकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "बघतेस काय? मुऱ्हाळी दारात आलाय. भावाला मी सांगते."

तर त्या आखाजीला ती जळगावला आली आणि माझ्यासारख्याच घाईनं सकाळी सकाळी टेबलाशी उभी राहिली. मी सरांना बाहेर व्हरांड्यात बसवलं, आत येऊ दिलं नाही. सुरुवातीला ती नळी उचलून परत ठेवायची, माझ्याकडे बघायची. मी मुद्दाम तोंड फिरवून बसले. अर्ध्या तासानं पाहिलं तर बाई अशा सराईतपणे काम करत होत्या की मला माझ्या बेडकांची लाज वाटली. दुपारी आम्ही दोघींनी माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिनं भाकरी पूर्ण खाल्ली.

संध्याकाळी यंत्र थांबलं. मी सरांना हाक मारली. ते येऊन तिच्या मागं उभे राहिले. पडद्यावर रेघा उगवायला लागल्या, आधी एक, मग दुसरी, आणि मोठ्या पेशीची सगळ्यात वर गेली. माझ्या रेघेपेक्षा तिची सुबक होती, खोटं कशाला बोलू.

तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग मागं न वळता म्हणाली, "मला येत होतं, सर."

"येत व्हतं," सर म्हणाले. "तुले येतच व्हतं, माय."